खताच्या खड्ड्याचं चित्र

‘इंदूर पद्धत’ हे शब्द कंपोस्टवरच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात सापडतात, पण इंदुरात ते फारसे कुणाच्या तोंडी नसतात. आता शहराचं नाव निघतं ते कचरागाडीवरून. आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथे १९२४ साली इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली. अल्बर्ट हॉवर्ड १९३१ पर्यंत तिचे संचालक होते. त्यांनी आणि यशवंत वाड यांनी शेण, काडीकचरा, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख यांपासून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची रीत इथेच बसवली आणि १९३१ साली पुस्तकरूपाने मांडली. तिला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, विकत आणावं असं काही लागत नाही. समाजाला झेपेल असं तंत्रज्ञान म्हणून शोधायला निघालात तर यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणं कठीण.

अडचण आहे ती रीत दुसऱ्याला सांगताना. सोसायटीतला माळी असो की सांवेरकडचा शेतकरी, ज्याला हे करायचं आहे त्याला कागदावरचा मजकूर उपयोगी पडेलच असं नाही. मग कुणीतरी म्हणतं, चित्र लावू या. चित्र काढायला इंजिनियर बसला की तो पहिल्यांदा खड्डा काढतो: लांबी, रुंदी, खोली, बाणांची टोकं, सेंटिमीटर. खड्ड्याची मापं ही या रीतीतली सर्वांत सोपी गोष्ट आहे आणि ती थोडी इकडेतिकडे झाली तरी खत होतं. खत बिघडतं ते चार विशेषणांवर: पुरेसं ओलं, सैल, चांगलं तापलेलं, तयार. विशेषणाचं चित्र निघत नाही. ते तपासायचं कसं, याचं मात्र निघतं. पुढे जे लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

आधी रीत थोडक्यात. हॉवर्ड यांचे खड्डे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि २ फूट खोल होते, बाजू उतरत्या. लहान शेताला दीड ते दोन मीटर रुंद, सुमारे एक मीटर खोल आणि जागा असेल तेवढा लांब खड्डा पुरतो. एका टोकाला दोनेक फूट जागा रिकामी ठेवली की पुढे खालीवर करताना फावडं चालवायला बरं पडतं. आत १० ते १५ सेंटिमीटर जाडीचे काडीकचऱ्याचे थर द्यायचे. प्रत्येक थरावर शेणकाला शिंपडायचा: साडेचार किलो शेण, साडेतीन किलो गोठ्याची माती आणि पंधरा दिवस जुन्या खड्ड्यातलं साडेचार किलो अर्धवट कुजलेलं खत, पाण्यात कालवून. पहिल्यांदाच करत असाल आणि जुना खड्डा नसेल तर मुरलेलं शेणखत घ्या, काम थोडं सावकाश होईल इतकंच. थर द्यायला लागल्यापासून आठवड्याच्या आत खड्डा भरला पाहिजे आणि कुठेही दाबायचा नाही. मग पंधराव्या, तिसाव्या आणि साठाव्या दिवशी सगळं खालीवर करायचं, दर वेळी पाणी मारायचं. नव्वदीच्या आसपास खत हाती येतं.

कपाशीच्या पऱ्हाटीसारखं लाकूड तसंच टाकलं तर ते तीन महिन्यांनंतरही लाकूडच राहतं. हॉवर्ड यांच्याकडे पऱ्हाट्या शेतातल्या रस्त्यावर पसरत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या चिरडून निघत. आज तेच काम ट्रॅक्टरच्या चाकाखाली होतं. हे चित्र सोपं आहे आणि सगळ्यांना कळतं: मागचं चाक, खाली पसरलेल्या काड्या, एका बाजूला अख्ख्या, दुसऱ्या बाजूला चिरफाळलेल्या. सोयाबीनच्या कुटाराला याची गरज नाही, म्हणून सोयाबीनच्या गावात ही चौकट गाळून टाका. नको ती चौकट भिंतीवर राहिली की बाकीच्यांवरचाही विश्वास उडतो.

आता अवघड चौकटींकडे वळू.

पहिली अडचण आडव्या छेदाची. खड्डा मधोमध कापून आतले थर दाखवणं आपल्याला इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ती एक शिकलेली भाषा आहे हे लक्षातच येत नाही. ज्याने असं चित्र कधी पाहिलेलं नाही त्याला त्यात पट्ट्यापट्ट्यांची भिंत दिसते, सतरंजी दिसते, कधी वाफे घातलेलं शेतही. उपाय असा: खड्डा वरून तिरका दाखवा, काठावर गवत काढा, काठाशी फावडं टेकवून ठेवा आणि फक्त पुढचा एक कोपरा कापून आतले थर दाखवा. बर्फीच्या ताटातली कडेची एक वडी उचलली की उरलेल्या बर्फीची जाडी दिसते, तसं. कापलेला कोपरा आणि न कापलेला काठ एकाच चित्रात असले की डोळा त्यांची जोड लावतो.

खोली दाखवायला आत माणूस उभा करायचा मोह होतो. शेजारी माणूस असला की माप आपोआप कळतं आणि एक मीटर म्हणजे साधारण कंबरेपर्यंत, हे तर अगदी सोयीचं. पण थर भरलेल्या खड्ड्यात माणूस उभा दाखवलात तर बघणारा त्यातून एकच गोष्ट उचलतो: आत उतरून तुडवायचं. हीच एक गोष्ट करायची नसते. तुडवलं की थरांतली हवा जाते, हवा गेली की कुजण्याची जात बदलते, ढीग तापत नाही आणि आठवड्याभरात नाकाला झोंबणारी घाण सुटते. म्हणून माणूस खड्ड्यात फक्त खोदताना दाखवायचा, रिकाम्या खड्ड्यात, कंबरेपर्यंत. थर देताना तो बाहेर, काठावर, वाकून तगारी उलटी करताना. (महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी: तुमचं घमेलं ते आमची तगारी.)

थराची जाडी सेंटिमीटरमध्ये लिहून भागत नाही. मूठ आवळून अंगठा ताठ केला की करंगळीच्या कडेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंत साधारण १५ सेंटिमीटर होतात, आणि हे माप प्रत्येकाच्या अंगावरच असतं. पण हीच मूठ नुसती हवेत काढली तर ती मोबाईलवरची ‘शाबास’ होते, नाहीतर ठेंगा. मूठ थराला खेटून, खालच्या थरावर टेकलेली, अंगठ्याचं टोक आणि वरच्या थराची रेघ एका पातळीत, अशी काढली तरच ते माप आहे हे कळतं. मनगटही दाखवायचं, शक्य तर कोपरापर्यंत हात आणि बाहीची कड. नुसता तुटलेला हात बऱ्याच जणांना खरोखर तुटलेला हातच वाटतो.

शेणकाल्याचं प्रमाण किलोत मोजणारा माळी भेटणार नाही. तगाऱ्या वेगवेगळ्या मापांच्या मिळतात, तेव्हा त्या गावात जी तगारी चालते ती एकदा काट्यावर ठेवून साडेचार किलो शेण कुठवर येतं ते पाहा आणि त्या पातळीचंच चित्र काढा. इथे व्हिएन्नाच्या ओटो नॉइराट यांची आठवण निघते. त्यांनी १९२५ साली तिथे समाज आणि अर्थव्यवस्थेचं एक संग्रहालय सुरू केलं आणि आकडे चित्रांत मांडायची रीत घालून दिली. पुढे तिला आयसोटाइप म्हणू लागले. तिचा एक नियम खड्ड्यापाशी जसाच्या तसा लागू होतो: जास्त दाखवायचं असेल तर चिन्ह मोठं करू नका, तेच चिन्ह पुन्हा काढा. तीन तगाऱ्या म्हणजे तीन तगाऱ्या. एकच मोठी तगारी काढली तर बघणारा मोठी तगारी शोधायला जातो.

आता ओलावा. सगळ्यात जास्त खड्डे इथेच बिघडतात. तपासणी सगळ्यांना करता येण्यासारखी आहे: थरातून मूठभर माल उचलायचा, घट्ट पिळायचा. बोटांच्या फटीतून एकदोन थेंब यावेत. धार लागली तर पाणी जास्त, मूठ उघडताच सगळं विस्कटून पडलं तर कोरडं. यावर सुचणारी पहिली चौकट म्हणजे तीन मुठी ओळीने: कोरडी, बरोबर, गळणारी. ती फसते, कारण ओळ दिसली की माणूस तिला क्रम समजतो: आधी कोरडं, मग थेंब येतील असं, मग धार लागेल असं करत न्या. म्हणजे खड्डा बुडवण्याची कृती आपणच भिंतीवर लिहून दिली. यापेक्षा बरोबर मूठ मोठी आणि मधोमध काढा, थेंब ठसठशीत. चुकीच्या दोन खाली, लहान, आणि प्रत्येकीशेजारी तिचा उपाय: विस्कटणाऱ्या मुठीपाशी पाण्याचा झारा, गळणाऱ्या मुठीपाशी कोरड्या पाल्याची टोपली. आकार इथे महत्त्व सांगतो, संख्या नाही. नॉइराट यांना बहुधा हरकत नसती.

उष्णता याहून अवघड. नागमोडी रेघा काढल्या की कुणाला त्यात वाफ दिसते, कुणाला वास, कुणाला पाणी, आणि शेतातल्या ढिगातून निघालेल्या नागमोडी रेघांना साप म्हणणाऱ्याला चूक तरी कसं म्हणायचं? तपासणीचंच चित्र काढा. लोखंडी सळई ढिगाच्या मध्यापर्यंत खुपसून दहा मिनिटं ठेवायची, मग ओढून आतलं टोक हातात धरायचं. ढीग नीट चालला असेल तर पहिल्या दोन आठवड्यांत आत ५५ ते ६५ अंश सेल्सियस असतं आणि ते टोक हातात धरवत नाही. चित्रात सळई खाली पडलेली आणि बाई बोटांवर फुंकर घालतेय. तव्याचा चटका बसल्यावर सगळे हेच करतात, हे चित्र कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सळई कोमट लागली तर कारणं तीन: ढीग कोरडा, ढीग लहान (एक घनमीटरपेक्षा कमी असला की आतली ऊब टिकतच नाही), नाहीतर शेण-हिरवा पाला कमी. उलट अमोनियाचा झोंबणारा वास आला तर शेण किंवा हिरवा पाला जास्त झालाय, कोरडी काडी घाला. फावड्याने उकरल्यावर आत राखेसारखा पांढरा कोरडा थर लागला तर तिथलं पाणी आटलंय. हे सगळं भिंतीवर मांडायच्या फंदात पडू नका. भिंतीने नीट चाललेलं काम दाखवावं. बिघाड समजावून सांगायला माणूस लागतो.

दिवस मोजण्यापाशी मात्र हॉवर्ड-वाड यांची रीत आपल्या बाजूने आहे. पंधरा, तीस, साठ, नव्वद. ही चंद्राची मापं आहेत. पौर्णिमेला खड्डा भरून झाला तर पहिली पलटणी, म्हणजे खालीवर करणं, अमावास्येला, दुसरी पुढच्या पौर्णिमेला, तिसरी त्याच्या पुढच्या पौर्णिमेला, आणि आणखी एका पौर्णिमेला खत. एकदोन दिवस मागेपुढे झाल्याने काही बिघडत नाही. सुरुवात अमावास्येला धरली तरी हिशेब तोच बसतो, पण बऱ्याच घरांत त्या दिवशी नवं काम काढत नाहीत, तेव्हा पौर्णिमाच बरी.

महिन्यांची नावं मात्र चुकूनही लिहू नका. हा घोळ इंदुरात हमखास होतो. आपला मराठी घरांतला महिना अमावास्येला संपतो, शेजारच्या माळवी घरातला पौर्णिमेला. शुक्ल पक्षात दोघांचा महिना एकच, पण कृष्ण पक्ष लागला की आपला श्रावण चालू असतो आणि त्यांचा भादो सुरू झालेला असतो. ‘श्रावणात पलटा’ असं लिहिलं तर दोन घरं पंधरा दिवसांच्या अंतराने पलटतील. चंद्राचं चित्र दोघांनाही एकच गोष्ट सांगतं. अमावास्या काढताना नुसता काळा गोल काढला तर तो तवा होतो किंवा वरून पाहिलेला खड्डा होतो. भोवती चांदण्या काढा आणि पौर्णिमेच्या चंद्राच्याच ओळीत, त्याच उंचीवर ठेवा.

काळ असा चित्रांत मोजणं माळव्याला नवीन नाही. श्राद्धपक्षात इथल्या मुली भिंतीवर शेणाने संजा काढतात, फुलांच्या पाकळ्या चिकटवतात, रोज वेगळी आकृती, पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत सोळा दिवस, आणि शेवटी किल्लाकोट. आपल्या भुलाबाई-भोंडल्याची ही माळवी बहीण. भिंतीवरचं चित्र बघून आज कितवा दिवस हे कळणं, चंद्र-सूर्य कसे काढायचे हे ठरलेलं असणं, रोज एक चौकट, आणि तेही शेणाने! खताचा फलक काढणाऱ्याने एकदा संजाची भिंत नीट बघून यावी. तिथले चंद्र-सूर्य तसेच उचला. जे चिन्ह घरात आधीपासून आहे त्याच्या जागी नवीन शोधून काढण्यात शहाणपणा नाही.

पावसाळ्यासाठी वेगळी चौकट हवीच. माळव्याची काळी माती पाणी धरते आणि फुगते. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत खड्डा म्हणजे डबकं. तेव्हा जमिनीवर ढीग लावतात: तळाशी दोन मीटर रुंद, दोन मीटर लांब, दीड मीटर उंच, माथा तळापेक्षा अर्धा मीटर अरुंद, वर छप्पर किंवा पाल्याचं आच्छादन. ढिगाचं खालीवर करणं सहाव्या आणि बाराव्या आठवड्यात. ऋतू दाखवायला छत्री काढली तर ती खड्ड्यावर धरायची छत्री वाटते. डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेला माणूस काढा, बाजूला पाण्याने भरलेल्या खड्ड्यात एक बेडूक. बेडूक काढला की कुणी शंका विचारत नाही.

माणसं कशी काढायची यावर इंजिनियरांचं आणि लोकांचं पटत नाही. आपल्याला काडीचे मानव आवडतात, कारण ते स्वच्छ असतात आणि पटकन होतात. १९७६ साली नेपाळात युनिसेफसाठी खेड्यापाड्यांत एक पाहणी झाली होती. तिथे काडीचे मानव ओळखायला अवघड गेले. छटा दिलेली, अंगावर कपडे असलेली माणसं सोपी गेली. आणि मागचं नको ते दृश्य काढून टाकलं की ओळखणं आणखी सोपं झालं. म्हणजे माणसात तपशील हवा, पार्श्वभूमीत नको. आपण बहुतेक वेळा उलट करतो: माणूस काडीचा आणि मागे डोंगर, सूर्य, नारळाची झाडं. (माळव्यात नारळ?) कपडे तिथल्या लोकांचे हवेत. पॅंट-शर्टातला माणूस खड्ड्यापाशी दिसला की तो साहेबांचा खड्डा होतो. शेणकाला बहुतेक घरांत बायका कालवतात, पलटणी पुरुष करतात. चित्रात सगळे पुरुषच दिसले तर अर्ध्या कामाला धनी राहत नाही.

वस्तू कुठल्या बाजूने काढायची हे शिकायला मतपत्रिका पाहावी. १९५१–५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून आपण अक्षर न येणाऱ्या माणसाच्या हाती चित्रं देत आलो आहोत, आणि देशातली सर्वांत मोठी चित्रभाषा तीच. सायकल बाजूने, पंखा खालून, प्रत्येक वस्तू जिथून सर्वांत चटकन ओळखू येते तिथूनच. फावडं समोरून काढलं तर तो पत्र्याचा तुकडा. बाजूने, दांड्यासकट काढलं तरच फावडं.

बाणांबद्दल एवढंच: एकाच फलकावर बाण तीन कामं करायला लागला की सगळा खेळ बिघडतो. ‘इकडे बघा’, ‘हे इकडून तिकडे हलवा’ आणि ‘यानंतर हे’ या तिन्हींना आपण तोच बाण वापरतो. नजर वळवायला टोक नसलेली बारीक रेघ पुरते. क्रमाला चौकटी आणि आकडे. अक्षरं न येणाऱ्यालाही मोबाईलवरचे इंग्रजी आकडे येतात, तेच वापरा. बाण फक्त हलवण्यासाठी राखून ठेवा, म्हणजे पलटणीच्या चौकटीत एकच येईल.

क्रमाचं आणखी एक. चौकटी एका ओळीत मावत नसतील आणि दोन ओळी कराव्या लागल्या तर काही जण वरची ओळ संपल्यावर लगेच खाली उतरतात आणि उजवीकडून डावीकडे येऊ लागतात, नांगर वळवल्यासारखे. त्यात काही वेडेपणा नाही, शेतात तसंच चालतात. दोन ओळींमध्ये जाड पट्टा मारा आणि आकडा चौकटीच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात, ठळक. जमलं तर एकच ओळ ठेवा: ६० सेंटिमीटरच्या सात चौकटी साडेचार-पावणेपाच मीटर भिंतीत बसतात.

भिंत कोणती? खड्ड्याशेजारची. ग्रामपंचायतीच्या दारातला फलक पाहून दोन किलोमीटरवर मूठ पिळायची कुणाला आठवत नाही. शक्य असेल तर उत्तरेकडे तोंड असलेली, कारण ऊन कमी. चौकटीचा मध्य जमिनीपासून सुमारे १.४ मीटर. अक्षर किंवा आकडा पाहण्याच्या अंतराच्या दोनशेव्या भागापेक्षा लहान नको, म्हणजे पाच मीटरवरून वाचायचा आकडा २५ मिलिमीटर तरी हवा. मुख्य आकृतीची बाह्यरेघ करंगळीएवढी जाड, आतल्या रेघा तिच्या निम्म्या. चुन्यावर काढू नका. चुना पावडर होऊन सुटतो आणि रेघ घेऊन जातो. खरवडून प्राइमर, मग बाहेरच्या भिंतीचा पांढरा रंग दोन हात.

फ्लेक्स स्वस्त पडतो, दोन तासांत छापून मिळतो, आणि उन्हात त्याचं काय होतं ते कुठल्याही चौकात दिसतं: लाल आणि पिवळा आधी उडतो, निळा-काळा मागे राहतो. हे नुसतं कुरूप दिसतं म्हणून सोडून देता येत नाही. ‘असं करू नका’ म्हणून काढलेल्या चित्रावर लाल फुली मारलेली असते. उन्हाळा-दोन उन्हाळ्यांत फुली उडून जाते, चित्र राहतं. मग तोच फलक तुडवायला, प्लॅस्टिक टाकायला, खड्डा पाण्याने भरायला शिकवत उभा असतो, आणि वर खात्याचं नाव. शिवाय काही पुरुषांना लाल-हिरव्यातला फरक मुळातच दिसत नाही. म्हणून अर्थ रंगावर टाकू नका, आणि जमेल तिथे फुलीच टाळा. चुकीचा परिणाम दाखवा: तुडवलेला खड्डा आणि नाकाला पदर लावून लांब उभी असलेली बाई.

रंग दोन पुरतात, काळा आणि गेरूचा लाल. गेरू म्हणजे लोहाचं ऑक्साईड, उन्हाने उडत नाही. रंगाच्या दुकानात रेड ऑक्साईड म्हणून मिळतो तो त्याच जातीचा. माळव्यातल्या बायका गेरू आणि खडीने (पांढऱ्या मातीने) मांडणे, म्हणजे रांगोळीसारखी नक्षी, काढतात, त्यांचा हात या दोन रंगांवर आधीच बसलेला असतो, त्यामुळे दिवाळीच्या सारवणात फलकाच्या रेघा पुन्हा ठळक करून घेणं सहज जमतं. एकच फलक चार भिंतींवर हवा असेल तर पूर्ण आकाराच्या कागदावर रेघांवरून सुईने टोचा, कागद भिंतीला लावा आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी थोपटा. ठिपके उमटतात, ते जोडले की झालं. रांगोळीचा छाप वापरणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

आणि हे सगळं भिंतीवर जाण्यापूर्वी कागदावर तपासायचं. ‘समजलं का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण चार लोकांत आणि पाहुण्यासमोर सगळे ‘हाँ जी, समझ गए’ म्हणतात. एकेकाला बाजूला घ्या, एक चौकट हातात द्या आणि विचारा, ‘इसमें क्या दिख रहा है?’ मग गप्प राहा. सुचवू नका, मान हलवू नका. सांगितलेलं त्यांच्याच शब्दांत टिपून घ्या. सात-आठ माणसं पुरतात. त्यांतल्या तिघांनी एकच चूक केली तर चूक चित्राची. दुरुस्त करताना एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने सुधारलं ते कळत नाही. शेवटी तोंडी परीक्षा सोडून द्या, समोर पाला, शेण, पाणी, तगारी ठेवा आणि फक्त चित्रं बघून एक थर लावायला सांगा. इथे ज्या चौकटी कागदावर पास झाल्या होत्या त्यातल्या एकदोन नापास होतात. बहुधा मुठीचीच.

उरली शेवटची चौकट, ‘तयार’. तयार खत गडद, भुसभुशीत, मुळातला पाला ओळखू न येणारं, ढीग निम्म्यावर आलेला, आणि पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास. ढिगाची उंची काढता येते: भरताना काठाच्या वर, आता काठाच्या खाली, खोदणाऱ्याने पहिल्या चौकटीत टेकवलेलं तेच फावडं शेजारी. रंग आणि वास निघत नाहीत, काळी माती आणि काळं खत रेघेत सारखंच दिसतं. तिथे चित्राचा हट्ट सोडावा. शेवटच्या चौकटीच्या खाली दोन खिळे मारून तारेने प्लॅस्टिकची एक पारदर्शक बरणी अडकवा, झाकणाला पाच-सहा भोकं पाडून, आत तयार खत. शेजारी दुसरी, त्यात महिन्याभराचं कच्चं. उघडा, हुंगा, आपल्या ढिगातल्या मुठीशी ताडून पाहा. कच्च्याची बरणी दर महिन्याला बदलावी लागते, कारण तीही आत बसून पिकत असते.